भ्यालेली यशोदा

वर्ध्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक लोखंडी ट्रंक, रंगांचे डबे बांधलेलं पोतं आणि पत्र्याच्या नळीत गुंडाळलेले आबांचे खाके होते. घाबरण्यासारखं अजून काहीच झालेलं नव्हतं. तरी मी घाबरलेला होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना ‘एवढं काय त्यात’ असं कुणाला वाटलं तर त्यानं समजून घ्यावं, की माणूस मुळातच असा आहे.

आमच्या वेंगुर्ल्याकडचं कुणी त्या मुलखात गेलेलं मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. सहावीत शाळा सोडून मी कोल्हापूरला आबांच्या हाताखाली आलो, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आबा म्हणजे देवळांच्या भिंती रंगवणारे पेंटर. त्यांनी मला जेवायला घातलं, अंथरूण दिलं आणि पापणीचा केस एका ओढीत कसा काढायचा ते शिकवलं. ते नसते तर मी आज कुठल्या होडीवर जाळी ओढत असतो, आणि समुद्राचीही मला भीती वाटते.

वर्ध्याकडचे एक शेतकरी, बापूराव, देवीच्या दर्शनाला कोल्हापुरास आले होते. आबांनी रंगवलेला एक मठ त्यांनी पाहिला. त्यांच्या गावात कृष्णाचं नवं देऊळ झालं होतं आणि सभामंडपाच्या एका अख्ख्या भिंतीवर त्यांना एकच चित्र हवं होतं: माती खाल्ली म्हणून यशोदा कृष्णाला तोंड उघडायला लावते, आणि आत तिला सगळं विश्व दिसतं. गोकुळाष्टमीच्या आत व्हायला हवं होतं. आबांचा दमा त्या दिवसांत फार वाढलेला.

“तू जा,” ते म्हणाले.

“मी? एकटा?”

“मग काय बँड लावून पाठवू?”

निघताना मात्र त्यांनी नळीचं झाकण स्वतः घट्ट बसवलं आणि म्हणाले, “इश्व कुणीबी काढंल रं. डोंगर काढ, चांदण्या काढ, झालं. यशोदेचं सांभाळ. लोक इश्व बघाय येत न्हाईत, तिला बघाय येत्यात.”

वर्धा

हिंगणघाटच्या बसला वेळ होता. स्टँडजवळ तसबिरींचं दुकान दिसलं, तिथे मी उभा राहिलो. छापील चित्रं बघणं हा माझा एकच शौक. त्या दिवशी मी फक्त एक गोष्ट शोधत होतो: चकित झालेला माणूस छापाच्या चित्रांत कसा काढतात.

एका चित्रात देव प्रकट झाला होता आणि दरबारातले सगळे एकाच बाजूला कलले होते, वारा सुटल्यावर भातशेत कलतं तसे. एका राणीच्या हातातून तबक निसटलं होतं आणि फुलं हवेतच थांबली होती. छापाच्या चित्रात पडणारी वस्तू कधी जमिनीला लागत नाही, त्यावरूनच कळतं की हे आत्ता, या क्षणाला घडतंय. भुवया वर, बुबुळाच्या वरही डोळ्याचं पांढरं दिसतंय, ओठ विलग आणि हनुवटीवर एक बोट. बाईमाणूस चकित झालं की हनुवटीवर बोट, हे सगळ्या चित्रकारांचं ठरलेलंच.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तळहातानं देव झाकून पाहिला. उरलेला दरबार तसाच होता. तेच डोळे, तेच ओठ. पण आता ते सगळे वाघ बघत होते असं वाटलं. मी हात काढला, देव आला. परत झाकला, वाघ आला. 

“पाहून राह्यले का घेऊन राह्यले?” दुकानदारानं विचारलं.

मी घेतलं नाही. बस लागली होती.

नाला

बापूराव बंडी घेऊन हिंगणघाटच्या पुढे वडनेरच्या फाट्यावर आले होते. बंडी म्हणजे तिकडची बैलगाडी. साठीचा उंच माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं मोठ्यानं. गाव तिथून आत दोन कोस. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना ते रुचणार नाही.

आपल्याकडची लाल माती पायाला लागते आणि धुतली की जाते. तिकडची काळी माती चप्पल धरून ठेवते. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी, मध्येच तुरीच्या ओळी, आणि कुठे म्हणून डोंगर नाही. इतकं मोठं आभाळ मी फक्त समुद्रावर पाहिलं होतं. लपायला काही नाही असं वाटत राहिलं.

गावाच्या अलीकडे नाला होता आणि तो भरून वाहत होता. बापूराव म्हणाले, “बैल जातात, फिकर नोका करू. फकत तुमी उतरा, वजन कमी होईल.” मी नळी छातीशी धरून पाण्यात उतरलो. मांडीपर्यंत पाणी. मधोमध पायाखालचा दगड सरकला, मी बसलो, आणि नळी गेली.

मी अशी बोंब मारली की बैल बिचकले. बापूरावांनी वीस हात खाली धावत जाऊन नळी पकडली. झाकण मात्र निघालेलं.

“मले वाटलं पोट्टं वाहून गेलं तुमचं!” ते धापा टाकत म्हणाले. “कागदं तं हायेत.”

कागद होते, पण ते काय होते हे त्यांना कसं सांगावं? खाका म्हणजे पातळ कागदावर काढलेलं चित्र, ज्याच्या प्रत्येक रेषेवर सुईनं भोकं पाडलेली असतात. तो भिंतीला धरून वर कोळशाच्या पुडीची पोटली आपटली की भिंतीवर ठिपके उमटतात, आणि ठिपके जोडले की आबांचा हात माझ्या हातात येतो. एका चित्राचे अनेक खाके असतात. चेहऱ्याचा वेगळा, हातांचा वेगळा. कोपऱ्यात आबा शाईनं लिहून ठेवतात.

ओसरीत कागद वाळत घातले तेव्हा कळलं की यशोदेच्या हातांचा खाका नाल्यात गेला होता. चेहऱ्याचे दोन राहिले होते. एक ‘अद्भुत’, म्हणजे यशोदा. दुसरा ‘भय’, पूतना पाहून पळणाऱ्या गौळणीचा, तो चुकून सोबत आला असणार. पण शाई धुऊन गेली होती. दोन्ही कागद आकसून सुरकुतले होते आणि दोन्ही चेहरे जुळ्या बहिणींसारखे दिसत होते. कुठली यशोदा आणि कुठली गौळण, मला सांगता येईना.

आबांना कार्ड टाकावं असं वाटलं. टाकलं नाही. पहिल्याच दिवशी ‘कागद भिजवले’ असं लिहायची हिंमत झाली नाही.

गावातले दिवस

बापूरावांच्या घरी माझी सोय होती. घरात ते, त्यांची बायको यमुनामाय आणि सून सुमन. मुलगा हिंगणघाटच्या गिरणीत कामाला, आठवड्यानं यायचा. मला सगळे पेंटरभाऊ म्हणत.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, आणि आलेल्या पाहुण्याला म्हणून पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा. तो इतका तिखट की माझे डोळे पाझरू लागले. यमुनामायला वाटलं मला घर आठवलं.

“रोज मासोळी खाता म्हणे तुमच्याइकडे?” त्यांनी विचारलं. “घरात वास नाई येत?”

“येतो. त्या वासावर तर जेवण जातं.”

“बाप्पा!” त्या म्हणाल्या आणि तळहात तोंडावर आडवा धरला. हनुवटीवर बोट नाही. मी लगेच लक्षात ठेवलं. तिकडे बाया आश्चर्य दाखवत नाहीत, झाकतात. आमच्या चित्रांत सगळं उघडं ठेवायची रीत.

सुमनचे दिवस भरत आले होते. पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली आणि दोन्ही बाळं राहिली नाहीत, हे यमुनामायनं भाकर थापता थापता सांगितलं. “म्हणून येवढ्या वक्ती इथंच ठेवली. ह्यायनं देवाले बोलून टाकलं, भिंत रंगवतो म्हणून. पाहू आता.” मग आवाज खाली करून, “तिच्यासमोर काई बोलू नोका.”

मी कशाला बोलतो? मला त्या घरात श्वास घ्यायचीही भीती वाटू लागली. भिंत आता नुसती भिंत राहिली नव्हती.

सुमन रोज दुपारी मंडपात यायची, खांबाशी बसायची. मी विश्व रंगवत होतो. बापूराव येता-जाता सूचना करत. “आपली वणा नदी आली पाह्यजे तोंडात. अन् कपाशी.” विश्वात कपाशी काढली. बोंडं जरा मोठी झाली, ढगांसारखी दिसू लागली, पण त्यांना आवडली.

“भाऊ,” सुमननं एकदा विचारलं, “तिले ते दिसलं तवा काय वाटलं असन?”

“नवल वाटलं.”

“बस नवलच?”

मी ब्रश धुवायला गेलो.

यशोदेची जागा मी पडद्यानं झाकून घेतली. दोन खाक्यांतला एक उचलला. का तोच, सांगता येत नाही, माझ्या हाताला तो ओळखीचा वाटला. ठिपके पाडले, जोडले, रंग भरला. हात मात्र माझे मलाच काढावे लागले. छापाच्या चित्रांतलं बोट हनुवटीवर ठेवून पाहिलं तर दात दुखल्यासारखं दिसलं. म्हणून मी दोन्ही हात वर उचललेले काढले, पंजे उघडे, बोटं फाकलेली. पायाशी लोण्याचं मडकं पडता पडता हवेत थांबवलं. मला ते बरं वाटलं होतं.

एकादशीला पडदा काढला. वीस-पंचवीस माणसं जमली होती. सगळे भिंतीजवळ सरकले. मग एक म्हातारी म्हणाली, “हे तं भेऊन राह्यली.”

“कोन?”

“माय. माय भेऊन राह्यली लेकराले.”

एकदा कुणी म्हटल्यावर मलाही दुसरं काही दिसेना. यशोदा तिच्या पोराला भ्यालेली होती. पोरगा तोंड उघडून बसला होता आणि ती आता पळेल असं वाटत होतं. बापूरावांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “पेंटरभाऊ, माय कधी लेकराले भेते काय? अन् ते मडकं फुटून राह्यलं. ह्या घडीले असं चित्र? देवाच्या भिंतीवर?”

खांबाशी सुमन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“भेते,” ती म्हणाली. “काऊन नाई भेणार?” आणि पदर सावरत घरी गेली.

त्या दिवशी तिला ताप आला. गावात बोललं जाऊ लागलं की चित्राचीच बाधा झाली. हे मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. पण विहिरीवर मी गेलो की बाया गप्प होत.

मी पत्रीनं, म्हणजे रंग खरवडायच्या पातळ पात्यानं, चेहरा खरवडला. सफेदा लावला, तो वाळायची वाट पाहिली, आणि दुसरा खाका धरला. पहिला गौळणीचा असणार, हीच खरी यशोदा, असं मनाला समजावलं. ठिपके पाडले. चेहरा तयार झाला. तीही भ्यालेली. परत खरवडला. या वेळी खाका न घेता मनानं काढला, भुवया खाली घेतल्या, डोळे मिटत आणले. बापूराव आले, बघितलं आणि म्हणाले, “आता झोपून राह्यली.” तोही पुसला आणि पुन्हा दुसऱ्या खाक्याचाच चेहरा काढला, कारण त्याहून बरा मला येत नव्हता. गोकुळाष्टमीला बारा दिवस उरले होते. माझा हातच असा असेल, असं मला वाटू लागलं. अकरा वर्षं माझ्यातलं भेव आबांच्या रेषेखाली दबून होतं. आता आबा सोबत नाहीत, तर ते भिंतीवर आलं. आणि त्या बाईच्या तिसऱ्या बाळाचं काही झालं तर हे गाव ती भिंत बघून माझं नाव घेईल.

ट्रंक

मी पळून जायचं ठरवलं. लिहायला लाज वाटते, पण ठरवलं. सकाळी ट्रंक उचलून ओसरीत आलो आणि यमुनामायना म्हणालो, “हिंगणघाटला जाऊन येतो. टर्पेंटाइन संपलंय.”

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं. “टर्पेंटाइन आनाले ट्रंक न्या लागते काय?”

तेवढ्यात आतून सुमनचा आवाज आला. तो मी लिहू शकत नाही. यमुनामाय आत धावल्या. गावची सुईण आली, आत गेली, लगेच बाहेर आली आणि बापूरावांना म्हणाली, “आडवं हाये. माह्या हातचं नाई. दवाखान्यात न्या, जल्दी करा.”

डवऱ्याचे, म्हणजे बैलांनी कोळपणी करायचे दिवस. गावातले सगळे पुरुष शेतात बैलांमागे. बापूरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी दिसलो.

“ट्रंक ठेवा अन् चला.”

बंडीत कडबा टाकला, वर गोधड्या. सुमन, यमुनामाय आणि सुईण आत, बापूराव पुढे कासरा धरून. मी मागे, बंडीच्या लाकडाला हात लावून चालत, गाडी कलंडायला लागली तर धरायला. मी काय धरणार होतो? माझी आई धाकट्या भावाच्या वेळी गेली. मी दाराबाहेर पायरीवर बसलेलो. आतला आवाज थांबला, तेव्हा बरं वाटलं होतं मला, संपलं म्हणून. सात वर्षांचा होतो. तेव्हापासून बाईच्या कण्हण्याचा आवाज आला की मी तिथून उठतो. त्या दिवशी उठून जायला जागा नव्हती.

नाल्याला पाणी कमी होतं, तरी दगडावरून चाक गेलं की बंडी हिसका घ्यायची आणि सुमन ओरडायची. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. मधोमध एक चाक खड्ड्यात बसलं. बापूरावांनी मागे वळून हाक मारली, “भाऊ, लावा खांदा!” मी खांदा लावला आणि मान वर झाली, तर ती माझ्या समोर होती, दोन हातांच्या अंतरावर.

माझ्या भिंतीवरचीच यशोदा. भुवया वर चढलेल्या, बुबुळाच्या वरचं पांढरं, ओठ विलग, कोरडे. रेषेत रेष. तो चेहरा पळून जात होता, मला, आभाळाला, सगळ्याला सोडून.

पण हात पळत नव्हते. एक हात पोटाच्या खाली, एक बाजूनं, बोटं पसरलेली पण ताठ नाहीत. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावरून उतरवताना धरतात, तसे. गाडी हिसका घ्यायची, चेहरा ओरडायचा, आणि हात त्या हिसक्यासरशी थोडे पुढे व्हायचे, आतल्याला सावरायला. ती एवढी भ्यालेली होती आणि तिचे हात भ्यालेलेच नव्हते.

चाक निघालं. मी चिखलात पालथा पडलो.

वडनेरच्या फाट्यावर हैदराबादच्या बाजूनं आलेला एक ट्रक बापूरावांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला. ड्रायव्हरनं एक शब्द न विचारता क्लीनरला मागं चढवलं आणि केबिन रिकामी करून दिली. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना त्याची आठवण काढतो.

“बैल घरी न्या,” बापूराव वर चढताना म्हणाले.

“मला हाकता येत नाही!”

“त्यायले येते.”

खरंच, बैलच मला घरी घेऊन आले.

मी घरात गेलो नाही. रिकाम्या घरात बसवेना. ओसरीतल्या ट्रंकेतून पत्री काढून मंडपात गेलो आणि चेहऱ्याला हात न लावता यशोदेचे दोन्ही हात खरवडले. पाडलेलं मडकंही खरवडलं. सफेदा अर्धवट वाळला होता तरी थांबलो नाही. वर उचललेले पंजे गेले. त्यांच्या जागी एक हात पोराच्या हनुवटीखाली आला आणि एक त्याच्या डोक्यामागे. खाका नव्हता. सकाळी पाहिलेलं होतं, तेवढ्यावर काढलं.

काम करताना एकच विचार. हे चित्र पुरं होईल आणि हिंगणघाटहून निराळीच खबर येईल. मग ही आई, हे हात, हे बाळ, भिंतीवर कायमचं. त्या घरानं ते रोज बघायचं. हा विचार आला की ब्रश थांबायचा. ऊन उतरेपर्यंत नऊ बोटं झाली. दहावं मी ठेवलं. का ठेवलं विचाराल तर सांगता येणार नाही, पुरं करायची भीती वाटली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी बापूराव नाल्याच्या वाटेनं चालत येताना दिसले. एकटेच. मी मंडपाच्या पायरीवर उभा होतो. अकरा वर्षं माणसांचे चेहरे काढण्यात घालवलेला मी, डोळे फाडून त्यांचा चेहरा वाचायला लागलो. काही कळेना. डोळे लाल, जबडा घट्ट, रुमाल सुटलेला. आनंदानं रडून आलेला माणूस असा दिसतो, आणि दुसऱ्या कशानं रडून आलेलाही असाच दिसतो.

मग मी हात बघितले.

भुरभुर पाऊस होता. त्यांनी सदऱ्याच्या आत काहीतरी धरलं होतं. दोन्ही हातांनी, पोटाशी, भिजू नये म्हणून अंग पुढे वाकवून. कागदाची पुडी होती. बत्ताशांची.

मी पायरीवर बसलो.

“पोट्टी झाली,” ते म्हणाले. “दोघीबी बऱ्या हायेत. डॉक्टरीन म्हने, अजून घंटाभर उशीर झाला असता तं...” त्यांनी माझ्या हातावर बत्तासा ठेवला. एवढं जपूनही तो ओला झालाच होता. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. ते हळूहळू जवळ गेले.

“बदललं! तोंड बदललं ना बाप्पा! आता पाहा, कशी नवलानं पाहून राह्यली.” त्यांनी तळहात तोंडावर आडवा धरला.

“बदललं,” मी म्हणालो. खोटं बोललो. आणि दहावं बोट काढायला घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळं गाव येऊन गेलं. सगळ्यांनी नव्या तोंडाची तारीफ केली. ती पहिली म्हातारी म्हणाली, “मी म्हनलं नव्हतं? तोंडातच गलती होती.”

आठव्या दिवशी सुमन आली. विटाळ म्हणून देवळात यायचं नव्हतं, म्हणून बापूरावांनी बंडी मंडपासमोर रस्त्यावरच थांबवली. मंडप उघडा आहे, भिंत तिथून दिसते. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली मुलगी होती. सुमन भिंतीकडे बघत राहिली. मी खाली मान घालून ब्रश पुसत होतो. पुन्हा ‘भेते’ म्हणाली तर काय, या धास्तीनं माझे कान तापले होते.

“पेंटरभाऊ.”

“जी.”

“तोंड तं तेच ठेवलं तुमी.”

यमुनामाय म्हणाल्या, “नाई व, बदललं त्यायनं. सारं गाव सांगून राह्यलं.”

“तेच हाये,” सुमन म्हणाली. “मले नाई समजत काय? भेव तेच हाये तिचं. फकत आता सोडत नाई ती त्याले.” मग मुलीचं तोंड फडक्यात नीट झाकलं. “राहू द्या तसंच. बराबर हाये.”

परत

गोकुळाष्टमी झाली. निघताना यमुनामायनं ट्रंकेत डिंकाचे लाडू ठेवले आणि म्हणाल्या, “टर्पेंटाइन आनाले परत येजो.” बापूराव फाट्यापर्यंत आले. नाल्यात मी नळी डोक्यावर बांधली होती, ते बघून ते पूर्ण रस्ता हसत होते.

कोल्हापूरला आल्यावर आबांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं, पळून जायचं ठरवलं होतं तेही. ते सुरकुतलेले दोन खाके त्यांनी मागून घेतले, ओल्या फडक्यानं हळूच सरळ केले आणि एकावर एक ठेवून खिडकीला धरले.

उजेड आला. प्रत्येक भोकातून. एकही ठिपका आंधळा नव्हता.

“दोन कागद एकाखाली एक ठेवून एकदाच टोचल्यात,” आबा म्हणाले. “सुई एकच. नवल आन भ्या, तोंड एकच असतंय लेका. म्हणून तर हातांचा खाका निराळा दिलता.” त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले, “आन ते वर केलेलं हात? ते कुणाचं बघून काढलंस?”

पायरीवर बसलेल्या सात वर्षांच्या पोरानं आतला आवाज ऐकताना दोन्ही पंजे असेच वर धरले होते, कानांपर्यंत. हे मला त्या खिडकीपाशी आठवलं.

नाल्यात गेलेल्या खाक्याच्या जागी नवा करायला आबांनी कागद दिला. मी ते हात काढले, एक खालून, एक मागून, आणि रेषेवर सुई चालवली. कोपऱ्यात नाव लिहायला आबांनी शाईची दौत पुढे सरकवली. मी ती घेतली नाही. ‘सुमनचे हात’ अशी अक्षरंही सुईनंच टोचली, म्हणजे पुन्हा कधी पाण्यात पडलं तरी जायची नाहीत.